कळ-आदेश व साहाय्यक साधने

कळ-आदेश व साहाय्यक साधने : संगणकाच्या कळफलकावरील एखादी कळ, किंवा एकाच वेळी दाबलेल्या दोन वा अधिक कळा, यांना एखादी ठराविक क्रिया नेमून दिली असता त्या योजनेस कळ-आदेश म्हणतात. व्यवहारात यासाठी ‘शॉर्टकट’ हाच शब्द रूढ आहे. डोळस व हाताने धडधाकट असलेल्या माणसाच्या दृष्टीने कळ-आदेश ही वेळ वाचविणारी सोय होय. ती नसली, तरी माउसच्या साहाय्याने त्याचे काम भागते. अंध व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे. पडद्यावरील दर्शक कोठे आहे हे दिसत नसल्याने माउस तिला निरुपयोगी असतो आणि संगणकाशी होणारा तिचा बहुतेक सर्व व्यवहार कळफलकावरूनच चालतो. पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या किंवा ब्रेल पट्टीवर उमटविणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात. ‘ही ओळ वाच’, ‘पुढील मथळ्यावर जा’, ‘थांब’ असे पुष्कळ आदेश या आज्ञावलीस द्यावे लागतात व तेही त्याच कळफलकावरून. कळा मर्यादित व त्यांवर हक्क सांगणारे अनेक, अशी ही स्थिती असल्याने एकाच कळेचे दोन अर्थ होण्याचा प्रसंग वारंवार येतो. या प्रसंगांचा इतिहास वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु कळेचा अर्थ ठरविण्याचा अधिकार पान रचणाऱ्याचा की ते वापरणाऱ्याचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

कळ दाबल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंत तिला अनेक नाकी ओलांडावी लागतात. स्क्रीन रीडर चालू असेल, तर सामान्यतः तो कळ सर्वांत आधी पाहतो व ती आपल्यासाठी असल्यास गिळून टाकतो. त्याने सोडलेली कळ परिचालन प्रणालीकडून ब्राउझरकडे आणि ब्राउझरकडून वेबपानातील आज्ञावलीकडे जाते. शेवटच्या नाक्यावर बसलेल्या पानाला आपल्या आधी कोणी काय घेतले याचा पत्ता नसतो. स्क्रीन रीडर चालू आहे किंवा नाही, हे पानाला कळण्याची सोय वेबच्या मानकांत नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने ते योग्यही आहे, कारण अंधत्व ही प्रत्येक संकेतस्थळाला आपोआप कळावी अशी बाब नव्हे. या रचनेतून दोन प्रकारचे घोटाळे संभवतात. पहिल्यात पानाने जाहीर केलेला कळ-आदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्यात वापरणाऱ्याने स्क्रीन रीडरला उद्देशून दाबलेली कळ पानाच्या हाती लागते आणि पत्र नाहीसे होणे, अर्ज पुसला जाणे असे भलतेच काही घडते. पहिल्या प्रकारात निव्वळ निराशा पदरी येते. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण काय घडले हे पडद्याकडे पाहून ताडण्याचा मार्ग अंध व्यक्तीला मोकळा नसतो.

वेबपूर्व काळ : आय्‌बीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. त्या काळी प्रत्येक आज्ञावलीचे कळ-आदेश स्वतंत्र असत व त्यांत कसलीही एकवाक्यता नसे. वर्डपरफेक्ट या लोकप्रिय लेखन-आज्ञावलीत मदतीसाठी एफ ३ व बाहेर पडण्यासाठी एफ ७ ही कळ होती. शिफ्ट, ऑल्ट व कंट्रोल यांच्या जोडीने दहा कार्यकळांतून चाळीस आदेश निघत आणि ते पाठ होईपर्यंत कळफलकावर छापील पट्टी ठेवून काम करावे लागे. स्क्रीन रीडर हा स्मृतीत दडून राहणारा दुसरा कार्यक्रम असे. त्याने कोणतीही कळ घेतली, तरी ती कोणत्या ना कोणत्या आज्ञावलीची आधीच झालेली असण्याचा संभव मोठा होता.

यावर दोन तोडगे निघाले. जिम थॅचर या गणितज्ञाने आय्‌बीएममध्ये विकसित केलेल्या ‘स्क्रीन रीडर’ या आज्ञावलीसाठी १८ कळांचा एक छोटा स्वतंत्र कळफलक पुरविण्यात आला. (या उत्पादनाचे विशेषनामच पुढे साऱ्या प्रकाराचे सामान्यनाम झाले.) वाचनाचे सर्व आदेश या जादा कळफलकावरून द्यावयाचे व मुख्य कळफलक आज्ञावलीसाठी मोकळा सोडावयाचा, अशी ही वाटणी होती. संघर्ष टाळण्याचा याहून निःसंदिग्ध उपाय त्यानंतर सापडलेला नाही. परंतु जादा यंत्र विकत घेणे, ते जोडणे व हात सतत दोन ठिकाणी फिरविणे या गोष्टी गैरसोयीच्या असल्याने तो मागे पडला.

दुसरा तोडगा उजवीकडील अंक-कळांचा. टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतींत भाग घेणारे अमेरिकन गृहस्थ होते. १९७८ मधील अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ते संगणकाकडे वळले व १९८७ मध्ये बिल जॉइस यांच्या भागीदारीत त्यांनी कंपनी स्थापन केली. तिचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉस प्रणालीसाठी व १९९५ मध्ये विंडोजसाठी प्रसिद्ध झाला. बोटांना सहज सापडणाऱ्या अंक-कळांवर वाचनाचे आदेश ठेवावयाचे आणि क्वचितच लागणारी इन्सर्ट ही कळ इतर आदेशांची ‘किल्ली’ म्हणून राखून ठेवावयाची, ही त्याची पद्धत पुढे जवळजवळ सर्वमान्य झाली. मॅकिंटॉश संगणकासाठी बर्कली सिस्टिम्स या कंपनीने १९८९ मध्ये काढलेल्या ‘आउटस्पोकन’मध्येही अंक-कळांचाच उपयोग केलेला होता. मांडीवरील संगणक प्रचारात आल्यावर अंक-कळा नाहीशा झाल्या व इन्सर्ट कोपऱ्यात गेली. तेव्हा कॅप्स लॉक या कळेस किल्लीचा मान मिळाला. ती एकदा दाबल्यास किल्ली व लागोपाठ दोनदा दाबल्यास मोठ्या अक्षरांची कळ, असा तिचा दुहेरी संसार आजही चालू आहे.

अंक-कळांवर आणखी एका वर्गाचा हक्क होता. ज्यांचे हात कापतात किंवा ज्यांना एकाच बोटाने वा तोंडात धरलेल्या कांडीने कळा दाबाव्या लागतात, त्यांना दोन कळा एकदम दाबणे अशक्य असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ट्रेस केंद्रात ग्रेग व्हँडरहायडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गासाठी विकसित केलेल्या सोयी १९९५ पासून विंडोज प्रणालीत मूळच्याच अंतर्भूत झाल्या. त्यांपैकी ‘स्टिकी कीज’ या सोयीत शिफ्ट, कंट्रोल इ. कळा एकामागून एक दाबता येतात, तर ‘माउस कीज’मध्ये अंक-कळांनी दर्शक हलविता येतो. म्हणजे वाचनासाठी स्क्रीन रीडर आणि दर्शकासाठी माउस कीज अशी दोन्ही साधने ज्याला हवीत, त्याच्या कळफलकावर साहाय्यक साधनांचाच आपसांत संघर्ष होतो. स्टिकी कीज चालू करण्यासाठी शिफ्ट पाच वेळा दाबावी लागते. खेळाच्या भरात ती पुनःपुन्हा दाबणाऱ्या मुलांच्या पडद्यावर ही सोय अवचित उगवते आणि ती काय आहे हे न कळल्याने बंद केली जाते.

आय्‌बीएमने १९८७ मध्ये जाहीर केलेल्या ‘कॉमन यूझर ॲक्सेस’ या नियमावलीने आज्ञावलींच्या कळ-आदेशांत प्रथमच काही शिस्त आणली. मदतीसाठी एफ १, यादीसाठी एफ १० किंवा ऑल्ट, यादीतील शब्दाच्या अधोरेखित अक्षराने त्याची निवड हे संकेत पुढे विंडोजमध्ये रुजले. अंध वापरकर्त्यांना याचा मोठा लाभ झाला. एका आज्ञावलीत शिकलेले दुसरीत उपयोगी पडू लागले. ऑल्ट व अक्षर ही जोडी यादीची, इन्सर्ट व अक्षर ही जोडी स्क्रीन रीडरची आणि कंट्रोल व अक्षर ही जोडी आज्ञावलीची, अशी ढोबळ हद्द या काळात ठरली. वेबने ती मोडली.

ॲक्सेसकीचा प्रयोग : डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल या वेबभाषेची चौथी आवृत्ती प्रमाणित झाली. तीत ‘ॲक्सेसकी’ हा गुणधर्म नव्याने आला होता. पानाच्या लेखकाने एखाद्या दुव्यास वा रकान्यास एक अक्षर नेमून द्यावे व वाचकाने ऑल्टसह ते अक्षर दाबताच तेथे पोहोचावे, अशी ही योजना होती. हेतू निःसंशय चांगला होता. माउस न वापरणाऱ्याला टॅब ही कळ पुनःपुन्हा दाबत पन्नास-साठ दुवे ओलांडून शोधाच्या रकान्यापर्यंत जावे लागे. ते कष्ट वाचणार होते. मे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब-सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांतही महत्त्वाच्या दुव्यांना कळ-आदेश द्यावेत अशी सूचना होती, मात्र तिला तिसऱ्या म्हणजे सर्वांत खालच्या प्राधान्याचे स्थान होते. ब्रिटनच्या शासनाने आपल्या संकेतस्थळांसाठी एक प्रमाण संचही ठरविला. त्यात १ मुखपृष्ठासाठी, ३ स्थळाच्या नकाशासाठी, ४ शोधासाठी, ६ मदतीसाठी, ९ अभिप्रायासाठी व ० या कळांच्याच माहितीसाठी राखून ठेवला होता. दुव्यांची यादी ओलांडण्यासाठी एस हे अक्षर होते.

प्रत्यक्षात मात्र ही योजना ज्यांच्यासाठी होती त्यांनाच जाचक ठरली. ऑल्ट व अक्षर ही जोडी ब्राउझरच्या याद्यांची होती. ऑल्ट-एफ दाबले की फाइलची यादी उघडणार, ऑल्ट-डी दाबले की पत्त्याचा रकाना मिळणार, हे अंध वापरकर्त्याच्या बोटांत बसलेले होते. कित्येक ब्राउझरांत पानाने नेमलेले अक्षर ब्राउझरच्या अक्षरावर मात करीत असे. फीडबॅक या शब्दासाठी एफ निवडणाऱ्या लेखकाने आपल्या वाचकाची फाइल-यादी काढून घेतली आहे, याची त्याला कल्पनाही नसे. अमुक अक्षर मोकळे आहे असे म्हणावे, तर ते इंग्रजीपुरतेच खरे असे. जर्मन आवृत्तीत फाइलला ‘डाटाय’ हा शब्द असल्याने तेथे डी हे अक्षर यादीचे होते. जॉन फोलियट व डेरेक फेदरस्टोन या कॅनडातील तज्ञांनी प्रमुख ब्राउझर व स्क्रीन रीडर यांनी व्यापलेल्या जोड्यांची मोजदाद केली, तेव्हा अक्षरे व अंक जवळपास सगळेच संपलेले आढळले आणि तिरप्या रेघेसारखी दोन-तीन चिन्हेच काय ती शिल्लक राहिली. ज्या योजनेत मोकळी जागाच नाही, तिचा प्रसार करण्यात अर्थ नाही, हा त्यांचा निष्कर्ष रास्त होता. ॲक्सेसकीचा आणखी एक दोष असा की, स्क्रीन रीडर ही अक्षरे उच्चारून सांगतो, पण ब्राउझर ती पडद्यावर दाखवीत नाही. त्यामुळे डोळस परंतु हाताने अपंग असलेल्या वाचकाला ती असल्याचेच कळत नसे.

ब्राउझरांनी आपापल्या परीने वाट काढण्याचा यत्न केला. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नेमलेले अक्षर दाबल्यावर दुवा नुसता निवडला जाई व तो उघडण्यास एंटर दाबावी लागे. इतरत्र तो तत्काळ उघडे. ऑपेराने शिफ्ट व एस्केप दाबून आधी एका वेगळ्या अवस्थेत शिरावयाचे व मग अक्षर दाबावयाचे, अशी दोन पायऱ्यांची रीत ठेवली होती; ती हळू असली, तरी कोणाच्याही हद्दीत शिरत नव्हती. ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीने ऑल्टऐवजी ऑल्ट-शिफ्ट ही जोडी स्वीकारली. ब्राउझरच्या याद्या यामुळे सुटल्या. तथापि ज्यांना दोन कळा एकदम दाबणे कठीण, त्यांच्यापुढे तीन कळा आल्या.

मॅक संगणकावरील प्रसंग या साऱ्या इतिहासाचे सार सांगणारा आहे. ॲपलने २००५ मध्ये आपल्या परिचालन प्रणालीतच ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर अंतर्भूत केला. कंट्रोल व ऑप्शन ही जोडी फारशी कोणी वापरीत नाही, म्हणून ती त्याची किल्ली ठरली. त्याच कारणाने सफारी या ॲपलच्याच ब्राउझरात ॲक्सेसकीसाठीही हीच जोडी आली. एकाच घरातील दोघांनी एकच मोकळी खोली आपली मानली, असे हे झाले. त्यावर उपाय म्हणून व्हॉइसओव्हर चालू असेल तेव्हा सफारीने केवळ कंट्रोलवर भागवावे, असे करण्यात आले. परंतु मॅकवर मजकूर लिहिताना कंट्रोलसह काही अक्षरे दर्शक हलविण्याच्या कामी येतात, त्यामुळे संघर्ष मिटण्याऐवजी एक जागा सरकला.

डिसेंबर २००८ मधील वेब-सुगम्यतेच्या दुसऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत ॲक्सेसकीची सूचना राहिली नाही. तिची जागा अधिक मूलभूत अशा दोन अटींनी घेतली : पानावरील प्रत्येक क्रिया कळफलकाने करता आली पाहिजे आणि कळफलकाने जेथे शिरता येते तेथून बाहेरही पडता आले पाहिजे. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये ॲक्सेसकी टिकून आहे. मात्र लेखकाने एकाहून अधिक अक्षरे सुचवावीत व त्यांपैकी कोणते घ्यावयाचे हे ब्राउझरने ठरवावे, अशी मुभा तीत आहे. लेखकाचा शब्द आज्ञेवरून सूचनेवर आला.

एकाक्षरी आदेश : दरम्यान स्क्रीन रीडरच्या बाजूनेही मोठा बदल झाला होता. वेबपान हे मूलतः वाचावयाचे पत्रक आहे, त्यात लिहिण्याचे रकाने थोडे, या विचाराने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून स्क्रीन रीडर पानाची एक प्रतिकृती स्वतःपाशी तयार करून तीत वाचकास फिरवू लागले. जपानमधील संशोधिका चिएको असाकावा यांचा ‘होम पेज रीडर’ हा बोलका ब्राउझर १९९७ मध्ये आला. असाकावा या स्वतः लहानपणी दृष्टी गमावलेल्या आहेत. या ब्राउझरचे आदेश अंक-कळांवर होते. ब्राउझर व वाचक हे दोन्ही एकच असल्याने तेथे संघर्षाला जागाच नव्हती. स्वतंत्र स्क्रीन रीडरांनी निराळा मार्ग धरला. वाचनाच्या अवस्थेत अक्षरे टंकित करण्याचे कारण नसल्याने ती सर्व मोकळी आहेत, तेव्हा तीच आदेशासाठी वापरावीत, ही ती कल्पना. एच दाबल्यास पुढील मथळा, टी दाबल्यास कोष्टक, एल दाबल्यास यादी, बी दाबल्यास बटण. १ ते ६ या अंकांनी त्या त्या पातळीचा मथळा. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘एन्‌व्हीडीए’ या विनामूल्य स्क्रीन रीडरनेही यांतील बहुतेक अक्षरे स्वीकारली. भारतासारख्या देशांत, जेथे जॉजची किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची होती, तेथे एन्‌व्हीडीएमुळे हा अक्षरसंच पुष्कळांच्या हाती पडला. लांबलचक पान मथळ्यामथळ्यांनी चाळण्याची ही रीत इतकी सोयीची आहे की, सरावलेला अंध वाचक तिच्यावाचून वेब वापरण्याची कल्पनाच करू शकत नाही.

नेमक्या याच सुमारास वेबपानांनीही एकाक्षरी आदेश उचलले. यांचे मूळ फार जुने आहे. बिल जॉय यांच्या ‘व्हीआय’ या संपादन-आज्ञावलीत जे म्हणजे खाली व के म्हणजे वर असे संकेत होते, कारण त्यांच्या एडीएम-३ए या यंत्राच्या कळफलकावर बाणांची चिन्हे एच, जे, के, एल याच कळांवर छापलेली होती. २००४ मध्ये सुरू झालेल्या जीमेलने जे व के यांनी पत्रांतून फिरणे, सी ने नवे पत्र लिहिणे असे आदेश दिले व पुढे अनेक स्थळांनी त्यांचे अनुकरण केले. वाचनाच्या अवस्थेतील अंध वाचकापर्यंत हे आदेश पोहोचत नसत, कारण अक्षर स्क्रीन रीडरने आधीच घेतलेले असे. तेव्हा काही विकसकांनी पानाला ‘हा अनुप्रयोग आहे’ असे लेबल लावण्यास सुरुवात केली. ‘एरिया’ या सुगम्यतेच्या परिभाषेतील हे लेबल पाहून स्क्रीन रीडर आपली अक्षरे सोडून देतो व सर्व कळा पानाच्या स्वाधीन करतो. खरोखरीच्या अनुप्रयोगात याचा उपयोग आहे. पण सगळ्या पानाला ते लावल्यास वाचकाची मथळ्यांची, कोष्टकांची, याद्यांची सारी वाट एका शब्दाने बंद होते. आपले चार आदेश चालावेत म्हणून दुसऱ्याचे चाळीस काढून घेण्याचा हा व्यवहार होता, आणि तो करणाऱ्यास आपण सुगम्यता वाढवीत आहोत असे वाटत असे.

एकाक्षरी आदेशांचा सर्वांत मोठा फटका एका तिसऱ्याच वर्गास बसला. हात मुळीच न वापरू शकणारे लोक बोलून संगणक चालवितात; ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ ही अशा प्रकारची आज्ञावली १९९७ पासून प्रचारात आहे. उच्चारलेला शब्द आदेश म्हणून ओळखला गेला नाही, तर तो अक्षराअक्षराने टंकित होतो. लिहिण्याचा रकाना उघडा नसेल व पान एकाक्षरी आदेशांचे असेल, तर शब्दातील प्रत्येक अक्षर एकेक आदेश होऊन कोसळते. यासंबंधीच्या तरतुदीच्या अधिकृत विवरणात दिलेले उदाहरण बोलके आहे. किम नावाची स्त्री ई-मेल वाचीत असता खोलीत आलेला सहकारी इंग्रजीत ‘हे किम’ अशी हाक मारतो व ती ध्वनिग्राहकात शिरते. तत्काळ वाय या अक्षराने समोरचे पत्र संग्रहात जाते, के ने निवड पुढील पत्रावर सरकते व एम ने ती पत्रमालिका मूक होते. एका हाकेने इतके घडते, आणि पूर्ववत करावयाचे तर आधी काय काय घडले हे शोधावे लागते.

जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या आवृत्तीत यासाठी २.१.४ क्रमांकाची अट घालण्यात आली व ती ‘ए’ या मूलभूत स्तरावर ठेवण्यात आली. नुसते अक्षर, अंक वा चिन्ह हा आदेश असेल, तर तो बंद करता यावा, किंवा कंट्रोल, ऑल्ट यांसारखी कळ जोडून बदलता यावा, किंवा संबंधित घटक निवडलेला असतानाच तो चालावा. या तिहींपैकी एक तरी सोय असली पाहिजे. १९९९ मध्ये लेखकाला कळा नेमण्याचा सल्ला देणाऱ्या तत्त्वांनी २०१८ मध्ये नेमलेल्या कळा मागे घेण्याचा हक्क वाचकाला दिला. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये प्रथम तयार झालेली मार्गदर्शक सूत्रे याच आंतरराष्ट्रीय तत्त्वांवर आधारलेली आहेत.

राहिलेले संघर्ष : एकाक्षरी आदेश टाळून जोडकळा घेतल्या, तरी प्रश्न सुटतोच असे नाही. कंट्रोल-ऑल्ट ही जोडी मोकळी समजून गूगल डॉक्सने पुढील मथळ्यावर जाण्यासाठी ती धरून ठेवून एन व मग एच दाबण्याचा आदेश ठेवला. पण विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-एन या कळांनी एन्‌व्हीडीए सुरू होतो व आधीच सुरू असल्यास नव्याने सुरू होतो. मथळा शोधू पाहणाऱ्याचा वाचकच क्षणभर मुका होतो. कंट्रोल-ऑल्टसह बाणांच्या कळा दाबून कोष्टकाच्या घरांतून फिरता येते, हा जॉज व एन्‌व्हीडीए या दोहोंतील संकेत आहे. इंटेलच्या चित्रदर्शक यंत्रणेत याच कळा पडदा फिरविण्यासाठी होत्या. त्यामुळे कोष्टक वाचणाऱ्या अंध कर्मचाऱ्याचा पडदा उलटा होई व त्याला त्याचा पत्ताही नसे. शेजारचा डोळस सहकारी येऊन आश्चर्य करी, तेव्हा उलगडा होई. अशा प्रसंगी पुढील एक कळ न गिळता पानाकडे जाऊ द्यावी, असा आदेश स्क्रीन रीडरांत असतो (जॉजमध्ये इन्सर्ट-३, एन्‌व्हीडीएमध्ये इन्सर्ट-एफ २). नवख्या वापरकर्त्यांस तो बहुधा माहीत नसतो. २०१७ च्या एरिया १.१ मध्ये पानाचे कळ-आदेश स्क्रीन रीडरला कळविण्याचीही एक सोय आली. ती केवळ घोषणा करते. कळ प्रत्यक्ष चालविणे वा संघर्ष मिटविणे तिच्या कक्षेत येत नाही.

इंग्रजीव्यतिरिक्त इतर भाषांच्या कळफलकांनी या प्रश्नात भर घातली आहे. अनेक यूरोपीय कळफलकांवर उजवीकडील ऑल्ट ही विंडोजच्या लेखी कंट्रोल व ऑल्ट या दोहोंच्या बरोबरीची असते व तिने त्या भाषेची खास अक्षरे उमटतात. २०१५ मध्ये मीडियम या लेखन-स्थळावर पोलिश लेखकांना आपल्या भाषेतील एक विशिष्ट एस टंकित करता येईना. स्थळाने कंट्रोल-एस हा जतन करण्याचा आदेश अडविला होता व उजव्या ऑल्टसह दाबलेला एस त्या जाळ्यात सापडत होता, असे शोधाअंती आढळले. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या पोलिश लेखकाला तर अक्षर उमटले नाही हे ऐकूनच ओळखावे लागणार.

मराठीच्या बाबतीत अडचण निराळ्या जातीची आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर इंग्रजी के च्या जागी क, एच च्या जागी प, जे च्या जागी र व एल च्या जागी त येतो. मराठी कळफलक चालू असताना के ही कळ दाबली, तर पानाला क हे अक्षर मिळते. उमटलेले अक्षर पाहून आदेश ओळखणारे पान त्यामुळे गप्प राहते. अक्षराऐवजी कळेचे भौतिक स्थान पाहावे, तर मराठीपुरते काम भागते. मात्र फ्रेंच कळफलकावर ए व क्यू यांच्या जागा एकमेकींच्या उलट असल्याने तेथे आदेश चुकतो. इन्स्क्रिप्टवर मराठीत अर्ज भरणाऱ्या अंध व्यक्तीस त्यामुळे आदेशापुरता कळफलक इंग्रजी करावयाचा, आदेश दिल्यावर पुन्हा मराठीवर यावयाचे, आणि सध्या कोणता कळफलक चालू आहे हे दर वेळी एखादे अक्षर टंकित करून, ऐकून व पुसून पडताळावयाचे, असा क्रम पाळावा लागतो.